रविवारी बिली वाइल्डर, प्लीज वेळेवर या!

मंडळी, परत एकदा आठवण, रविवारी संध्याकाळी ६ ला नेहमीच्या हॉलवर हॉलिवूडचा डायरेक्टर बिली वाइल्डर याचा पिक्चर 'द अपार्टमेंट' (१९६०). वाइल्डर बर्लिनमध्ये पत्रकारी करता करता पटकथा लिहायला लागला, १९३३ ला हिटलर आल्यावर पळाला, हॉलिवूडला पोचला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं आणि नाव काढलं ते इंग्रजी संवादांनीच! आपल्या स्क्रिप्टची दुसऱ्यांनी लावलेली वाट बघवेना म्हणून १९४२ पासून तिकडे डायरेक्शनही स्वतःच. या पिक्चरसाठी एकाच रात्री ३ ऑस्कर. ऑफिसचा सीन नीट बघा, मागची टेबलं मुद्दाम छोटी केलीयेत, हॉल अफाट दिसावा म्हणून. साडेसहाला येऊन "आत्तापर्यंत काय झालं?" विचारू नका. चहा आहे, खायचं ज्याचं त्याने आणा.