पिपोची गाडी बर्डीत येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेकीकडे हॉलंडला गेले होते. शेजारच्या बाईंनी त्यांच्या बालपणीची 'पिपो द क्लाऊन' ही टीव्ही मालिका दाखवली. डच कळतं कुणाला! नातू कानात अर्थ सांगत होता. १९५८ सालची ही मालिका, म्हणजे दिल्लीत आपला टीव्ही लागला त्याच्याही वर्षभर आधीची. लेखक विम म्यूल्डाइक, पिपो झालेले कॉर वित्स्खे. बायको मामालू, लेक पेट्रा आणि गाढवानं ओढायच्या रंगीत गाडीत सगळं बिऱ्हाड. क्लुकक्लुक हा 'रेड इंडियन' मित्र मात्र आज खटकतो.

मला कस्तुरचंद पार्कातल्या सर्कशीतला जोकर आठवला. बाबा सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. तो आपटला की आम्ही पोट्टे खदखदून हसायचो. तंबूमागं त्याची चूल कुठं, लेकरं किती, कधी मनातच आलं नाही. पिपोला संसार आहे, तेच मला भावलं.

आपल्या बालपुरवणीत विदूषक येतो तो फक्त रंग भरायच्या चित्रात. त्याला एक चित्रकथा द्या की. गाडी बर्डीच्या गर्दीत अडकली तरी चालेल.

– एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर