प्रिय बाळूस पत्र

इंदूर, रविवार

प्रिय बाळू,

प्रभूच्या नावाने सलाम.

पुण्यातली नोकरी सोडून इथे एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकायचं तुझ्या मनात आहे, हे आईकडून कळलं. मला विचारलं नाहीस. माझं फ्रेमिंगचं दुकान बुडताना तू पाहिलंयस, तेव्हा राग नाही.

इथल्या तीन चर्चच्या मंडळ्यांनी मिळून आपल्या धंदेवाल्या पोरांसाठी वर्ग काढलाय, शनिवारी संध्याकाळी, आपल्याच हॉलमध्ये. हिशोब, भाव कसा काढायचा, छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी (ती फुकट असते, एजंटला पैसे देऊ नकोस). पुढे वर्षभर एक मुरलेला धंदेवाला महिन्यातून एकदा वही तपासतो. त्याला ते मेंटॉर म्हणतात. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या पौलाचा दाखला दिला: करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाकडे राहून तो तंबू करायचा. छान बोलले. पण मला आवडलं ते वेगळंच. मेंटॉर दुसऱ्या मंडळीतलाच देतात.

माझं दुकान गिऱ्हाईक नव्हतं म्हणून गेलं नाही. निम्मं गिऱ्हाईक आपलंच होतं. लग्नाचे फोटो, वचनांच्या पाट्या, ‘रविवारी देतो’ म्हणून नेलेल्या. रविवारी शेजारी बसून प्रभुभोजन घेणाऱ्याकडे उधारी कोणत्या तोंडाने मागायची? मी मागितली नाही. वही दाखव, असं मला कुणी म्हटलंही नाही, कारण म्हणू शकणारे सगळे त्या वहीतच होते.

तू आपल्याच माणसांवर दुकान उभं करू नकोस. जातीबाहेर पडून पोटाचा धंदा सुटलेल्या ख्रिस्ती लोकांना काम मिळावं, म्हणून बाझल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पण ती मंगळुरी कौलं चढली सगळ्यांच्याच घरांवर.

तुझा सीझन मार्च ते जून. पावसाळ्यात काय खाणार, हे त्या मेंटॉरने विचारावं. मी विचारलं तर आपलं भांडण होईल.

वर्गात दाखवायला माझी जुनी वही मागितलीय. माळ्यावरून काढली. नावं काळ्या शाईने खोडतोय, आकडे ठेवतोय. दोन संध्याकाळी गेल्या, अजून अर्धी बाकी आहे.

तुझा,
पप्पा