सुटीतलं निवासी शिबिर गोव्यातही हवं

महोदय,

इटलीतल्या उर्बिनोला दर जुलैत युरोपच्या जुन्या संगीताचं निवासी शिबिर भरतं. तिथं मी व्हिओला द गांबा हे गजानं वाजवायचं जुनं तंतुवाद्य शिकले. व्हायोलिनची सवय असलेला माझा हात गुरूंनी उलटा केला, गज तळवा वर ठेवून खालून धरायला लावला. या वाद्याचे तातीचे (आतड्याच्या दोऱ्याचे) पडदे मानेभोवती बांधलेले, सतारीसारखे सरकवता येतात. बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतासाठी ‘ला’ (इंग्रजीतला A) हा स्वर बहुधा ४१५ हर्ट्‌झवर लावतात, म्हणजे आजच्या ४४०पेक्षा जवळपास अर्धा स्वर खाली. कानाला ते वळण आठवड्याच्या एका तासात लागत नाही. रात्री जेवणं उरकून चौघं-पाचजण एकत्र वाजवायला बसले, की मगच सूर जुळू लागतात.

पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत सोलफेज (सूर नावांनी ओळखून गाणं) आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या गोव्यात असं शिबिर का नसावं? कला अकादमीनं हे मनावर घ्यावं, ही कळकळीची विनंती. मे महिन्याच्या दमट हवेत ताती सारख्या बेसूर होतात हे खरं. मग सुरुवात रेकॉर्डर या बासरीसारख्या वाद्यानं करा. प्लॅस्टिकचा रेकॉर्डर स्वस्त असतो, मुलांना तो पटकन जमतो.

– एक वादक, मडगाव