सूचना : रविवारी सूनबाई-चिरंजीवांशी गप्पा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता मंडळाच्या हॉलमध्ये राजारामपुरीच्या आपल्या काकूंचा धाकटा मुलगा आणि पोर्तुगीज सूनबाई येणार आहेत. दोघं जर्मनीत शिकताना भेटले. होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात हा कांदा-लसूण चटणी घालून अंडी परतत होता. तिला जोरात ठसका लागला, ती भांडायला म्हणून आली आणि जेवूनच गेली. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका. सूनबाई आता पांढरा रस्सा वाटीनं पितात, तांबड्याला मात्र अजून लांबूनच नमस्कार!

ज्यांच्या घरी असं लग्न घाटतंय त्यांनी आवर्जून यावं. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागतं, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं, शिवाय ३ साक्षीदार. तेव्हा परतीची तिकिटं आधीच काढून बसू नका.

प्रश्न जरूर विचारा. "पगार किती" आणि "पाळणा कधी" हे दोन तेवढे वगळा (कुणाला म्हणतोय ते त्यांना कळलंय). चहा-भडंग मंडळाकडून.

– कार्यवाह