इम्प्लांटच्या टेम्पररी दातांबद्दल तक्रार: फुकट दिले म्हणून वाऱ्यावर सोडायचे का?

प्रति,
कस्टमर केअर विभाग,
आपल्या डेंटल क्लिनिक चेनचं मुख्य ऑफिस, मुंबई

विषय: नाशिक शाखेत दिलेले टेम्पररी दात हिरडीला लागणं, मोडणं आणि वर "पेशंटने नीट वापरले नाहीत" म्हणून 2,800 रुपयांचं बिल लावणं

नमस्कार,

हेच सगळं आधी तुमच्या ॲपवर टाकलं होतं, तिथून "युवर कन्सर्न हॅज बीन रिझॉल्व्ह्ड" असा मेसेज आला आणि तिकीट बंद झालं. काय रिझॉल्व्ह झालं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

टू-व्हीलरवरून पडून माझे वरचे पुढचे दोन दात गेले. तुमच्या नाशिकच्या शाखेत दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू, ज्यांच्यावर नंतर कायमचे दात लागतात) बसवले, पॅकेज 1 लाख 10 हजारांचं, पैसे पूर्ण भरलेत. स्क्रू, हाडाची पावडर, नंतरचे कायमचे दात हे सगळं बिलावर आहे आणि सगळ्यात खाली "टेम्पररी पार्शल, कॉम्प्लिमेंटरी". म्हणजे कायमचे दात लागेपर्यंत घालायची, काढता-घालता येणारी दातांची प्लेट, फुकट. आणि फुकट म्हणून तुमच्याकडे त्या दातांना कुणी वालीच नाही, माझी मुख्य तक्रार ही आहे. ऑपरेशनबद्दल माझं काही म्हणणं नाही, मुंबईहून येणाऱ्या सरांचा हात चांगला आहे, दुखलंही फार नाही. पण ते सर टाके घालून पुढच्या पेशंटकडे गेले आणि प्लेट बसवायला आली एक ज्युनिअर मुलगी, तिने प्लेट टाळूला दाबली, आरसा दाखवला, "छान दिसतंय मॅम" म्हणाली आणि संपलं. घरी जाताना हातात एक कागद दिला, त्यात कायमच्या दातांची वॉरंटी कशी आणि किती वर्षं ते दोन्ही बाजूंनी छापलंय. पण कायमचे दात लागणार हाड धरल्यावर, वरच्या जबड्यात आणि त्यात पावडर भरलेली म्हटल्यावर पाच-सहा महिने तरी जाणार असं सरच म्हणाले होते. ह्या पाच-सहा महिन्यांत तोंडात जे घालून फिरायचं त्याबद्दल त्या कागदावर एक ओळ नाही!

मी आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. दिवसभर बोलायचंच काम. प्लेट पुढच्या दातांच्या मागे एवढी जाड होती की जिभेचं टोक तिलाच आपटायचं, आणि गणितात तर सगळे स आणि श, सहासष्ट, शहात्तर, सत्त्याऐंशी, स्पर्शिका, समांतरभुज चौकोन. पोरं हसायची, त्यांचं काय चुकलं म्हणा. ते एकवेळ चाललं असतं, मोठ्याने वाचून सराव केला की जीभ वळते आणि तशी ती वळलीही. पण दुखणं वाढत गेलं. उजव्या बाजूला टाक्यांच्या जागी हिरडीवर पांढरा चट्टा पडला, प्लेट घातली की ठणका, काढली की बरं. कॉल सेंटरला फोन केला तर "सुरुवातीला टोचतंच मॅडम, सवय होईल." परत केला तर दुसऱ्या मुलीने सांगितलं प्लेट रात्रीसुद्धा काढू नका म्हणजे सूज लवकर बसेल. शाखेत विचारलं तर सर पुढच्या महिन्यात येणार.

शेवटी आमच्या कॉलनीतल्या साध्या डेंटिस्टकडे गेले, एक खुर्ची आणि एक कंपाउंडर एवढाच दवाखाना आहे त्यांचा. त्यांनी प्लेटला आतून पांढरी पेस्ट लावली, तोंडात बसवून काढली, आणि जिथे पेस्ट पुसली गेली ती जागा मला दाखवली. बरोबर इम्प्लांटच्या डोक्यावर. कारण सोपं होतं म्हणे, प्लेटचं माप घेतलं होतं ऑपरेशनच्या आधी, नंतर पावडर भरल्यामुळे आणि सुजेमुळे हिरडीचा आकार बदलला, मग प्लेट आतून खरवडून तिथे मोकळी जागा करायची असते, ती कुणी केलीच नाही. आणि हे फक्त दुखण्यापुरतं नाही हे पण त्यांनीच समजावलं. इम्प्लांट हाडात मुरत असताना साधारण शे-दीडशे मायक्रॉनच्या वर हललं, म्हणजे जेमतेम एका कागदाच्या जाडीएवढं, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ पेशींचा थर धरतो आणि इम्प्लांट पकड घेत नाही. प्लेट तिथे टेकली की प्रत्येक घासाला तो दाब खाली जाणार. वरच्या पुढच्या दातांपाशी बाहेरच्या बाजूचं हाड मुळातच पातळ असतं, म्हणून तर पावडर भरली ना तुम्ही? मग लाखाचं काम करून त्याच्यावर दाब देणारी प्लेट बसवून पेशंटला घरी पाठवायचं आणि वर म्हणायचं सवय होईल, हे कुठल्या हिशोबात बसतं, गणिताच्या बाईला जरा समजावून सांगा.

त्यांनी आतून खरवडून दिली, ठणका थांबला, चट्टा भरला. पण जाडी होती ती जिभेकडच्या बाजूला, मधल्या रेषेवर प्लेट आधीच पातळ केलेली होती आणि तिथे केसासारखी रेघ दिसत होती, ती त्यांनी मला भिंगातून दाखवली आणि लॅबकडून नवीन करून घ्या असं चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी मी तुमच्या रिसेप्शनला दिली, झेरॉक्सवर त्यांचा शिक्का घेतलाय. त्यानंतर नुसतं "लॅबला पाठवू". पुढच्याच आठवड्यात सकाळी उपमा खाताना प्लेट मधोमध कटकन मोडली. उपमा! चकली नाही की चिक्की नाही. बरं, एक तुकडा गिळला गेला असता तर काय केलं असतं?

नवीन दिली ती 2,800 रुपये लावून, आणि तुमची शाखा म्हणते "मिसहँडलिंग, चार्जेबल". म्हणे कन्सेंट फॉर्मच्या नवव्या मुद्द्यात लिहिलंय की टेम्पररी दात केअर इन्स्ट्रक्शन्सप्रमाणे वापरायचे. अहो, पण इन्स्ट्रक्शन्स कुठे आहेत? फॉर्म अख्खा इंग्लिशमध्ये, बारीक अक्षरात, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सही करायला दिलेला. तोंडी जे मिळालं ते असं की रिसेप्शनवरची म्हणाली टूथपेस्टने घासा, असिस्टंट म्हणाला आठवड्यातून एकदा गरम पाण्यात टाका जंतू मरतात, आणि कॉल सेंटरचं ते रात्री न काढायचं. तिन्ही चुकीचं निघालं. मी त्यातलं काही करायच्या आधीच कॉलनीतल्या डॉक्टरांना विचारून घेतलं म्हणून बरं.

त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहितेच, तुमच्याकडे छापलेलं नाहीये तर निदान माझ्या पत्रावरून तरी छापा. प्लेट ॲक्रिलिकची असते, टूथपेस्टने तिला बारीक चरे पडतात आणि आपल्याकडच्या हळदीच्या जेवणात ते चरे चार दिवसांत पिवळे होतात, म्हणून मऊ ब्रश आणि भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब किंवा साधा साबण, मग भरपूर पाणी. घासताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं नाहीतर खाली टॉवेल घालायचा, कारण हातातून निसटली की संपलं. गरम पाणी अजिबात नाही, आकार बिघडतो आणि मग ती परत टेकायला लागते. रात्री काढायची, हिरडीला मोकळं सोडायचं, प्लेट वाटीत साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, कोरडी पडू द्यायची नाही, आणि हॉटेलात जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी तर कधीच नाही, वेटर उचलून नेतो (हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की बऱ्याच जणांचं झालेलं असणार). प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरून प्लेट धुवायची. काढताना एका बाजूचा हुक ओढायचा नाही, दोन्हीकडून सारखी खाली घ्यायची. पुढच्या दातांनी काहीच तोडायचं नाही, पेरू, मक्याचं कणीस, वडापावसुद्धा, सगळं हाताने तुकडे करून दाढांनी. मोडली तर फेविक्विक लावायचं नाही, एकतर ते तोंडात घालायची वस्तू नाही आणि तुकडे जरा जरी वाकडे चिकटले तर लॅबवाल्यालाही मग नीट जोडता येत नाही. तुम्ही दिलेलं 0.2 टक्क्यांचं क्लोरहेक्सिडीन, म्हणजे चूळ भरायचं औषध, टाके असेपर्यंत ठीक, पण महिनोन्‌महिने वापरलं आणि वर चहा पीत राहिलं की दात आणि प्लेट दोन्हीवर तपकिरी डाग येतात, ते कधी बंद करायचं हेसुद्धा मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखलं, चट्टा पडला किंवा प्लेट हलायला लागली की प्लेट काढून ठेवायची आणि दाखवायला यायचं. सवय होईल म्हणून थांबायचं नाही.

एवढंच आहे. एका पानात मावतं, मराठीत लिहायला अर्धा तास लागत नाही. तुमचं ॲप मला ऑपरेशननंतर "काँग्रॅच्युलेशन्स ऑन युवर न्यू स्माइल" पाठवतं, वाढदिवसाला दात पांढरे करायचं कूपन पाठवतं, तेव्हा हे एक पानही पाठवता आलं असतं.

अजून एक. पुढच्या दातांसाठी हिरडीवर न टेकणारे प्रकार असतात हे पण मला बाहेरच कळलं, नवा दात शेजारच्या दातांना मागून चिकटवतात तो, किंवा पारदर्शक ट्रेमध्ये दात बसवून देतात तो. प्रत्येकाला चालेलच असं नाही, ट्रे घालून जेवता येत नाही हेही खरं. पण मला पर्याय सांगायला हवे होते, थोडे जास्त पैसे पडले असते तर मी दिले असते. तुम्ही मला न विचारता सगळ्यात स्वस्त ते दिलं.

आता मला काय हवंय ते. 2,800 चं बिल रद्द करा, मी ते अंडर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत नोंदवून, भरलंय, पावतीवर तसं लिहून घेतलंय. नवीन जे दिलंय ते इम्प्लांट केलेल्या सरांनी स्वतः पेस्ट लावून तपासावं, ज्युनिअरने नाही. दोन्ही इम्प्लांटचा एक्स-रे तुमच्या खर्चाने काढून त्याचा लेखी रिपोर्ट द्यावा, कारण जितके दिवस ती प्लेट टेकत होती त्याचा खाली काही परिणाम झालाय का हे मला आत्ता कळायला हवं, कायमचे दात लावायच्या दिवशी नाही. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते पेशंटच्या कार्डावर लावतात, माझं कार्ड कोरं आहे, ते भरून द्या. आणि ते एक पान, मराठीत, नाशिकच्या शाखेत प्रत्येक टेम्पररी दातासोबत द्या.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय, आणि 5 लाखांच्या आतल्या प्रकरणाला तिथे फी पण लागत नाही, त्यामुळे मला काही जड नाही. बिलं, चिठ्ठीची शिक्क्याची झेरॉक्स, मोडलेल्या प्लेटचे फोटो सोबत जोडलेत. प्लेटचे तुकडे माझ्याकडेच आहेत, शाखेने "डिस्पोज करतो, द्या" म्हणून मागितले होते, दिले नाहीत.

उत्तर ईमेलवर पाठवा. व्हॉट्सॲपवर नको, तिथे तो बॉट दर वेळी मला अपॉइंटमेंट बुक करायला सांगतो.

आपली,
एक पेशंट, नाशिक शाखा
(फाइल नंबर ईमेलच्या विषयात दिला आहे)