मधल्या पिकअपची कबुली

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र, गणपती गेल्यानंतरची

प्रिय खर्ज्या,

आधी बातमी, मग शिव्या. आपली इलेक्ट्रिक गिटार मी मोडली होती. ‘होती’ हा शब्द नीट वाच आणि खाली बस.

झालं असं की पावसाळ्यात व्हॉल्यूमचा नॉब खरखरायला लागला. दरवर्षीचंच. नॉबच्या आत फवारा मारायचा म्हणून तारा काढल्या, पिकगार्डचे स्क्रू सोडवले आणि अख्खी पाटी उलटी करून टेबलावर ठेवली. हातात पोलादी स्क्रूड्रायव्हर, समोर तारांची थरथर पकडणारे तीन पिकअप (नेकचा, मधला आणि ब्रिजचा), म्हणजे तीन लोहचुंबक. पुढचं तुला कळलंच असेल. टोक आपसूक ओढलं गेलं आणि मधल्या पिकअपच्या कॉइलला लागलं. आवाजसुद्धा आला नाही. केसाएवढी तार, तुटायला कितीसा वेळ लागणार! मीटर लावला तर डावीकडे नुसता ‘१’. सर्किट मेलेलं.

तू म्हणशील, हजार-दीड हजारात नवा पिकअप मिळतो, त्यात एवढं काय? मिळतो. पण ही गिटार आपण दोघांनी साडेचार हजार जमवून घेतली आणि त्यातले अडीच तुझे होते. परस्पर भाग बदलायला मन होईना. शिवाय खरं सांगू? आत काय असतं ते मला बघायचंच होतं.

आत फार काही नसतं. सहा खिळे, त्यांच्याखाली एक सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि भोवती तांब्याची तार. पट्टीमुळे खिळे चुंबक होतात, खिळ्यांमुळे वरची पोलादी तार थोडी चुंबक होते. ती थरथरली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं तेच. म्हणून तर नायलॉनच्या तारा लावल्या की पिकअप मुका होतो.

तार आणायला मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. वाचून गेलो होतो की अशा पिकअपला ४२ नंबरची तार लागते. ऐटीत मागितली, मिळाली. वागळे इस्टेटमध्ये पंख्यांचं वाइंडिंग करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी पिकअपचा बॉबिन, म्हणजे तारेचं रीळ, भरून दिला. मीटर लावला तर हजार ओहमसुद्धा नाहीत! यायला हवेत सहा हजारांच्या आसपास. काका म्हणाले, “तुम्ही म्हणालात तीच तार भरली, मावली तेवढी.” चूक माझीच. ४२ नंबर हा अमेरिकी गेजचा, ती तार ०.०६३ मिलिमीटरची. आपल्याकडे बाजार चालतो ब्रिटिश गेजवर आणि त्यातला ४२ नंबर म्हणजे ०.१ मिलिमीटर. मला हवी होती आपल्याकडची ४६ नंबर. तार जाड, म्हणून वेढे निम्म्याहून कमी बसले आणि आवाज अगदीच मेंगळट. लोकलचं तिकीट पुन्हा काढलं.

दुसऱ्या खेपेला मीच गुंडाळायचं ठरवलं, कारण ४६ नंबर बघून काकांनी हात जोडले. आईच्या शिलाई मशीनची मोटर काढली, तिच्या चाकावर डबल टेपने बॉबिन चिकटवला. वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर. चुंबक जवळ आला की चालू होणारा छोटा स्विच असतो ना, दाराच्या अलार्ममधला, तो ‘=’ च्या बटणाला समांतर जोडला आणि चाकावर चुंबकाचा तुकडा चिकटवला. एक अधिक एक करून सोडून द्यायचं, दर फेरीला आकडा एकाने वाढतो. पण मोटरच्या पेडलवर पाय जरा जोरात पडला की कॅल्क्युलेटर गणती चुकवतो. म्हणून बैलगाडीच्या चालीने, चिमटीत तार धरून, पंखा बंद करून, सप्टेंबरच्या उकाड्यात चाळीस मिनिटं. ७,८०० वेढे. किलोमीटरहून जास्त तार होते रे ती, आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत सहज पोचेल. मीटर म्हणाला ५.९ किलोओहम. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

जोडला, तारा चढवल्या. मधला पिकअप एकटा सुरेख. मग पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या घरात टाकला, ब्रिज आणि मधला एकत्र, आणि आवाज एकदम पोकळ! जणू पत्र्याच्या डब्यातून कोणी नाकात गातंय. खालचे सूर गायबच. उलटसुलट तपासलं, सोल्डर पुन्हा केलं, काही नाही. वैतागून गिटार मांडीवर टाकून बसलो तेव्हा लक्षात आलं की खोली शांत आहे. घुंऽऽ नाही.

ती आपली घुंऽऽ आठवते ना? ट्यूबचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, जुन्या बिल्डिंगचं वायरिंग. पन्नास हर्ट्झची वीज आणि तिचे वरचे स्वर, सगळं पिकअपमध्ये शिरायचं. तू तिला ‘महावितरणचा तानपुरा’ म्हणायचास आणि पांढरी पाचच्या जरा वर सा लावून तिच्यावर आलाप घ्यायचास. खरंच, ४९ हर्ट्झला खालचा जी (म्हणजे पांढरी पाचच) येतो, वीज ५० वर. तुझा कान तेव्हाही तिखट होता. (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिकडच्या गिटारवाल्यांना हा षड्ज मिळत नाही. बिचारे.)

मग डोक्यात उजेड पडला. मोटर फिरते एकाच दिशेने आणि मी बॉबिन पालथा चिकटवला होता. म्हणजे या कॉइलचे वेढे बाकीच्या दोघांच्या उलट. बाहेरून येणाऱ्या गुणगुणीला चुंबकाशी देणंघेणं नसतं, ती फक्त वेढ्यांची दिशा बघते. एका कॉइलमध्ये ती वर जाते तेव्हा दुसऱ्यात खाली आणि दोघी एकमेकींना खातात. पण तारेचा सूर वेढे आणि चुंबक दोन्हींवर ठरतो, त्यामुळे माझ्या चुकीने सूरही उलटा झाला आणि तोही खाल्ला गेला. उपाय सरळ होता, चुंबकही उलटा करायचा! दोनदा उलटं म्हणजे सुलटं. सूर एकत्र येतील, गुणगुण तेवढी मरेल.

आणि इथे आपल्या स्वस्त गिटारीने उपकार केले. या जातीच्या महागड्या पिकअपमध्ये ते सहा खिळे स्वतःच चुंबक असतात, उलटे करायचे तर नाकी नऊ येतात. आपल्याकडे खाली चिकटवलेली एक पट्टी. हेअर ड्रायरने गोंद मऊ केला, पट्टी पालथी केली, परत दाबली. दोन मिनिटं.

स्विचचं दुसरं घर आणि चौथं घर (मधला आणि नेक एकत्र) आता चिडीचूप. आवाज तोच काचेसारखा, तुझा लाडका. पिकअप एकटा वाजवला तर घुंऽऽ अजून आहेच, तानपुरा बुडालेला नाही. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने १९५५ साली ज्या हंबकरचा, म्हणजे गुणगुण मारणाऱ्या पिकअपचा, पेटंट अर्ज केला त्यात हीच युक्ती आहे, दोन कॉइल एकाच डबीत. पेटंट मिळालं १९५९ ला. त्या काळात पिकअपच्या पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ची चिठ्ठी लावायचे आणि आज ती चिठ्ठी असलेल्या पिकअपसाठी लोक घर गहाण ठेवतील.

आता मागच्या पत्रातला तुझा प्रश्न. ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावला की पूर्ण मेजर कॉर्डचा, म्हणजे सा-ग-पचा, चिखल होतो आणि नुसता सा-प दणदणीत का वाजतो? माझं उत्तर असं. फाटलेला आवाज नुसता फाटत नाही, तो दोन सुरांच्या वजाबाकीचा तिसरा सूर काढतो. सा २००, प ३०० धर. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. फुकटचा खर्ज! आता मध्ये ग घाल. शुद्ध ग २५० वर हवा, म्हणजे दोन्हीकडून वजाबाकी ५०, पुन्हा सा-च. पण पडद्यांवरचा ग २५२ वर बसतो, पेटीसारखाच चढा. एकीकडून वजाबाकी ५२, दुसरीकडून ४८ च्या आत. ते दोन सूर सेकंदाला चारेक वेळा एकमेकांना धडकतात, तोच तुझा चिखल. पेटीच्या गंधारावर तू नाक मुरडायचास ना, ओव्हरड्राइव्ह तेच नाक मुरडतो, फक्त मोठ्याने. ग वाजवायचाच असेल तर वरच्या सप्तकातला घे, बराच निवळतो.

आणि पिकअप बदलायचा विचार तूर्त सोड. तुझ्या गिटारचा आवाज ‘बसका’ वाटतो म्हणालास, तर आधी नेकचा पिकअप दोन्ही स्क्रूंनी अर्धा अर्धा फेरा खाली घे. फार जवळ असला की चुंबक जाड तारांना ओढतो, मग सूर डुचमळतो आणि लवकर विझतो. फुकटचं काम आहे, साताऱ्यातही होतं.

दिवाळीला ये. तुझ्या अडीच हजारांचा हिशेब वाजवून देतो. पाकिटात काडीला गुंडाळलेली जुनी कॉइलची तार आहे, जपून उघड, डोळ्यांना दिसणार नाही.

तुझा,
तारतोड्या

ता.क. मोटर मशीनला परत बसवली आहे, पण आई म्हणते मशीन आता उलटं शिवतं. तुला विचारलं तर तुला काही माहीत नाही.