कलेक्टर साहेब, त्या स्कॅनरच्या खाली दोन ओळी मराठीत पण लिहायला सांगा की

मा. जिल्हाधिकारी साहेब, सांगली यांस,

नमस्कार.

साहेब, मी आपल्याच जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाईन फॉर्म, आणि अलीकडं त्यात अजून एक काम वाढलंय ते म्हणजे लोकांना क्यूआर कोड (आमच्याकडं सगळे त्यालाच स्कॅनर म्हणतात) स्कॅन करून देणं, ज्याचे पैसे काय मागता येत नाहीत कारण त्याला ना कागद लागतो ना शाई. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण कुठल्या एका ऑफिसाशी नाही, आणि उद्या सकाळी परत त्यांच्याच दारासमोर शटर उघडायचंय.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नाही मिळाला तरी चालेल. सरकारी भिंतीवर, पत्रकावर, पावतीवर जिथं जिथं कोड लावताय तिथं त्याच्या खाली, आत काय आहे ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहायचा आदेश काढा.

आता का ते सांगतो.

आमच्याकडं पूर्वी ऑफिसाच्या व्हरांड्यात पत्र्याचे बोर्ड असायचे, पेंटरनं रंगवलेले, उत्पन्नाच्या दाखल्याला काय लागतं, रहिवासीला काय लागतं, फी किती, किती दिवसात मिळणार. अक्षर वाकडंतिकडं असायचं पण वाचता यायचं, आणि ज्याला वाचता येत नाही तो शेजारच्याला विचारायचा. ते बोर्ड आता उतरले आणि फ्लेक्स आले. वर फोटो, मधी कोड, आणि खाली एकच ओळ, 'अधिक माहितीसाठी स्कॅन करा'. अहो अधिक माहिती ठीकाय, पण आधी साधी माहिती कुठाय? ती फ्लेक्सवर नाहीच.

मधी एक आजी आल्या होत्या, लांबच्या वाडीवरनं, श्रावणबाळच्या पैशाचं काहीतरी अडकलं होतं. आत विचारलं तर सांगितलं, भिंतीवर स्कॅनर लावलाय त्यात सगळं दिलंय. आजींच्या कमरेच्या पिशवीत बटणाचा मोबाईल. त्या माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, त्या भितीवरच्या चौकोनात काय लिवलंय तेवढं वाचून सांग की, म्हंजे उद्याच्याला घिऊन येती." मी गेलो मोबाईल घेऊन. फ्लेक्स चकचकीत, समोर ट्यूबलाईट, कॅमेऱ्यात नुसता पांढरा पट्टा दिसतोय, कोडचा खालचा कोपरा दुसऱ्या कुठल्यातरी लिलावाच्या नोटीशीखाली गेलेला. नोटीस उचलून धरली, वाकून तिरका मोबाईल धरला तेव्हा एकदाचा स्कॅन झाला. आणि उघडलं काय, तर कुठल्यातरी परदेशी वेबसाईटचं पान, इंग्रजीत, की या कोडची फुकटची मुदत संपलेली आहे, चालू ठेवायचा असेल तर पैसे भरा. आजी विचारतायत काय लिवलंय. काय सांगू साहेब त्यांना?

हे का होतं ते ऑफिसातल्या लोकांना बहुतेक माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोड दोन प्रकारे बनतो. एक साधा, ज्यात तुमच्या वेबसाईटचा पत्ता किंवा मजकूर थेट त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनातच असतो, तो कधीही एक्स्पायर होत नाही, कारण त्यात एक्स्पायर होण्यासारखं काही नसतंच. दुसरा डायनॅमिक, त्यात तुमचा पत्ता नसतो तर कोड बनवून देणाऱ्या कंपनीचा पत्ता असतो, आणि ती कंपनी पुढं तुमच्या पानावर ढकलते. पुढची लिंक नंतर बदलता येते हा त्याचा फायदा. पण नेटवर 'फ्री क्यूआर' म्हणून शोधलं की बऱ्याच साईट हा दुसरा प्रकार ट्रायलवर देतात, ट्रायल संपली की भिंतीवरचा कोड मेला. फ्लेक्सवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात, फोटो काढून झालेले असतात, त्यामुळं नंतर तो कोड कुणी परत स्कॅन करून बघत नाही. सरकारी कोडमधला पत्ता जीओव्ही डॉट इनच्याच साईटचा असायला पाहिजे, मधी कुणी दलाल नको. कचेरीत एरवी आपण एजंटाला आत सोडत नाही ना, मग इथं का?

आणि मुळात ही वस्तू मशीनसाठी काढलेली आहे. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा नावाच्या इंजिनियरनं आणि त्यांच्या टीमनं हा कोड तयार केला, गाड्यांच्या पार्टचा हिशोब कारखान्यात भराभर ठेवता यावा म्हणून. बारकोडात फारच थोडी माहिती मावायची आणि तो आडवाच धरावा लागायचा. याच्यात तीन कोपऱ्यांना तीन मोठे चौकोन दिलेत त्यामुळं कसाही धरा, उलटा धरा, मशीनला लगेच कळतं कुठून वाचायचं. पेटंट होतं पण कंपनीनं ते वापरायला सगळ्यांना मोकळीक दिली म्हणून आज वडापावच्या गाड्यापासून मार्केट यार्डातल्या बेदाण्याच्या अडतीपर्यंत सगळीकडं तो दिसतोय. चांगलीच गोष्ट आहे, मला त्याचा काय राग नाही. पण त्याच्याकडं बघून आत काय आहे हे कुठल्याच माणसाला कळत नाही, शिकलेल्याला नाही आणि अडाण्याला तर नाहीच. पाटी वाचून आपण ठरवतो की ही आपल्या कामाची आहे का, खरी आहे का. कोड आधी उघडावा लागतो आणि मग कळतं काय होतं ते.

इथंच चोरांचं फावतं. दुकानाच्या कोडवर आपला कोड चिकटवून जायचं, किंवा 'तुम्हाला पैसे पाठवतोय, हा स्कॅन करा आणि पिन टाका' असं सांगून खातं रिकामं करायचं. पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं ना पिन टाकावा लागतो, पिन म्हणजे पैसे चालले, हे मी दुकानात बोर्ड लावून ठेवलंय आणि खाली १९३० नंबर पण लिहिलाय, सायबर फसवणुकीचा. पण बघा, यूपीआयवाल्यांनी यावर निदान विचार तरी केलाय. सांगलीत तुम्ही भडंग घ्यायला गेला तर काउंटरवरच्या कोडखाली दुकानाचं नाव छापलेलं असतं, स्कॅन केल्यावर मोबाईलवर नाव येतं, दोन्ही जुळलं तर आपण पैसे सोडतो, आणि वर तो डबा मोठ्यानं बोलून दाखवतो किती आले ते. एसटीत कंडक्टर मशीनवर कोड दाखवतो त्यात तिकिटाची रक्कम आपोआप येते, आपण फक्त नाव आणि आकडा बघायचा. म्हणजे भडंगवाला जेवढी काळजी घेतो तेवढी सरकारी भिंत घेत नाही. एका ठिकाणी तर फी भरायचा कोड स्कॅन केला आणि नाव आलं कुणा माणसाचं, ऑफिसाचं नाहीच. गिऱ्हाईक थांबलं, मी पण म्हटलं थांबा. विचारलं तर उत्तर आलं, ते आमचेच आहेत, संध्याकाळी चलनानं भरतात. भरत असतील पण! मी शंका घेत नाही, पण लोकांनी कशावरनं ओळखायचं? खाली ऑफिसचं नाव, खातं कुणाच्या नावानं दिसेल ते आणि पावती कुठं मिळेल ते छापलेलं असतं तर मला आत जाऊन विचारावंच लागलं नसतं.

आता व्हॉट्सॲपचा प्रकार. योजनेचं पत्रक येतं ग्रुपवर, फोटो असतो, त्यात कोड असतो आणि खाली 'अर्ज करण्यासाठी स्कॅन करा'. ज्या मोबाईलवर कोड आलाय त्याच मोबाईलनं तो स्कॅन कसा करायचा? पोरं करतात, स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समधनं उघडतात, पण घरातला बाप्या काय करतो माहितीय का, बायकोचा मोबाईल मागतो, तिच्यात नेट नसतं, मग दोघं मिळून माझ्या दुकानात येतात एक मोबाईल दुसऱ्यासमोर धरून. अहो मोबाईलवर पाठवताय तर सरळ लिंक पाठवा ना, बोट लावलं की उघडली. कोड हा कागदावरनं मोबाईलवर यायचा रस्ता आहे, मोबाईलवरनं मोबाईलवर यायला तो कशाला पाहिजे हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

रेंजचं तर काय बोलायचं. शिराळ्याकडच्या डोंगरात चांदोलीच्या बाजूला गेलात की मोबाईल घड्याळ बघायलाच उपयोगी. कोड वाचायला नेट लागत नाही, पण त्यात फक्त लिंक असेल तर ती उघडायला लागतं. खरं तर मजकूर थेट कोडमधी भरता येतो, जास्तीत जास्त २,९५३ बाईट मावतात, मराठी अक्षराला प्रत्येकी तीन बाईट म्हटले तरी साडेनऊशेच्या वर अक्षरं होतात, काना-मात्रा वेगळ्या धरून. एवढा गच्च भरला तर बारीक ठिपके होतील आणि साध्या कॅमेऱ्याला वाचणार नाहीत, पण कागदपत्रांची आठ-दहा नावं तर आरामात बसतात, नेट नको काही नको. हे मी एका ओळखीच्या क्लार्कना सांगितलं तर ते हसून म्हणाले, मग तेवढं बोर्डावरच लिहिलेलं काय वाईट? मी म्हटलं साहेब, तेच तर म्हणतोय कधीपासनं.

कायद्याचं पण बघा. २०१५ चा आपल्या राज्याचा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात म्हटलंय की सेवा कोणत्या, किती दिवसात, अधिकारी कोण, अपील कुणाकडं, हे ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावायचं आणि वेबसाईटवर पण टाकायचं. दोन्ही. बोर्डावर वेबसाईटचा कोड चिकटवला की दोन्ही झालं असा अर्थ मला तरी त्यात दिसत नाही, तुम्हाला दिसत असेल तर सांगा.

छापायचंच तर नीट छापा, याबद्दल मी धंद्यातला माणूस म्हणून बोलू शकतो. कोडच्या चारी बाजूला पांढरी जागा लागते, निदान चार ठिपक्यांएवढी, ती डिझायनर डेकोरेशनच्या नादात खाऊन टाकतात. मधोमध लोगो टाकायचा असेल तर कोड एरर करेक्शनच्या, म्हणजे खराब झालेला भाग भरून काढायच्या, सगळ्यात वरच्या लेव्हलचा घ्यायचा, त्यात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचतो, सगळ्यात खालच्या लेव्हलला फक्त ७ टक्के. पण कोपऱ्यातल्या तीन चौकोनांना ही सवलत नाही, तिथं खिळा मारला की विषय संपला, आणि आमच्याकडं खिळा नेमका तिथंच मारतात. चकचकीत लॅमिनेशन नको, मॅट घ्या. बोर्ड छातीच्या उंचीवर लावा. गडद निळ्यावर काळा कोड कुणी करू नका, मी बघितलाय, माझ्यानं वाचला नाही.

एक गोष्ट माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो. आधार कार्डावर जो कोड आहे त्यात नाव, पत्ता, फोटो सगळं असतं आणि त्यावर आधारवाल्यांची डिजिटल सही असते, त्यांच्याच ॲपनं स्कॅन केला की कार्ड खरं का खोटं ते जागेवर कळतं. म्हणजे कोडचा खरा उपयोग जिथं आहे तो टेबलाच्या आतल्या बाजूला आहे, साहेबांच्या हातात. तिथं मात्र कुणी स्कॅन करत नाही, 'आधारची झेरॉक्स आणा, दोन प्रती, सही करून' असं सांगतात आणि माणूस माझ्याकडं येतो. स्कॅन करायचं काम म्हातारीला आणि झेरॉक्स बघायचं काम ऑफिसाला, हे उलटं झालंय. ते सुलटं केलं तर माझं गिऱ्हाईक निम्मं होईल, होऊ दे, मी दुसरं काहीतरी बघीन.

तर साहेब, आदेश काढताना एक मुदत पण घाला. दर महिन्याला ऑफिसातल्या कुणीतरी आपल्या भिंतीवरचे सगळे कोड स्वतःच्या मोबाईलनं स्कॅन करून बघायचे, चालत नसेल तो त्याच दिवशी उतरवायचा, आणि कोडखाली शेवटचा तपासल्याचा दिनांक पेननं लिहायचा. पेननं लिहिलेलं चालेल, फ्लेक्स नको. आणि ज्याच्याकडं साधा मोबाईल आहे त्याला 'स्कॅनर बघा' असं उत्तर द्यायचं नाही, तोंडानं सांगायचं किंवा छापील कागद द्यायचा. तो कागद मी ना नफा ना तोटा छापून देतो, मजकूर तेवढा तुमच्या सहीनं पाठवा.

आपला,
कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला,
जि. सांगली